स्मेड्सबीला घर घेतोय – लेकीला स्वीडिश बालवाडी की फिनिश?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही पाच वर्षं फिनलंडमध्ये वासा शहरात भाड्याने राहतोय. दोघंही ऊर्जाक्षेत्रात. (वासात मराठी माणूस भेटला की तो याच धंद्यातला असतो, विचारावं लागत नाही.) आता शहराला चिकटूनच असलेल्या स्मेड्सबीत एक रो-हाउस पसंत पडलंय. ऑफिसपासून सायकलने वीस मिनिटं, मागे जंगल, पुढे शाळा. पण स्मेड्सबी वासा पालिकेत नाही. ते कोर्सहोल्म नावाच्या ग्रामीण पालिकेचं मुख्य गाव. लोकसंख्या १९ हजारांच्या आसपास, तीही खेड्यापाड्यांत आणि बेटांवर विखुरलेली. फिनिशमध्ये याच पालिकेला मुस्तासारी म्हणतात.

गंमत अशी की वासात तिनातली दोन माणसं फिनिश बोलतात आणि कोर्सहोल्ममध्ये तिनातली दोन स्वीडिश. हद्द ओलांडली की रस्त्यावरच्या पाट्यांवर वरची भाषा खाली जाते आणि खालची वर येते. बाकी काही बदलत नाही, तेच बर्च, तोच पाऊस.

लेक साडेतीन वर्षांची आहे. आत्तापर्यंत घरीच होती, कधी माझी रजा, कधी नवऱ्याचं घरून काम, कधी आजी. आता पालिकेच्या पाळणाघराचा अर्ज भरायचाय आणि त्यात भाषा निवडायचीय, फिनिश की स्वीडिश. घरी मराठी, टीव्हीवर मराठी-इंग्रजी. दोन्हींपैकी एकही तिची नाही, त्यामुळे पालिका म्हणते तुम्हीच ठरवा.

नवरा म्हणतो फिनिश. देशात पाच टक्के लोक जी बोलतात ती शिकून पोरीने करायचं काय? मी म्हणते आजूबाजूची पोरं स्वीडिशमध्ये भांडणार आणि आपली लेक कुंपणापलीकडून बघणार का? पंधरा दिवस घरात हाच विषय चाललाय. जे तिथे राहतात किंवा राहिलेत त्यांनी अनुभव सांगावेत.

तात्या टेंभुर्णीकर

दोन प्रश्न. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारं खेडं आलं कुठून? आणि रो-हाउस केवढ्याला?

उत्तरायण

तात्या, पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसऱ्याचं ताई देतील. मी याच पालिकेत, क्वेवलाक्स गावात नऊ वर्षं राहतोय.

हे लोक स्वीडनमधून नोकरीसाठी आलेले नाहीत. त्यांचे पूर्वज मध्ययुगापासून या किनाऱ्यावर मासे मारतायत, शेती करतायत. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचाच पूर्वेकडचा भाग होता. मग रशियाच्या झारकडे गेला आणि १९१७ ला स्वतंत्र झाला. राज्य बदललं म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याने भाषा बदलली नाही, इतकंच. माझ्या शेजाऱ्याला कुणी 'तू स्वीडिश का?' विचारलं तर तो चिडतो. तो फिनलंडचा आहे, आइस हॉकीत स्वीडन हरलं की फटाके उडवतो, फक्त आईची भाषा स्वीडिश. देशाचं राष्ट्रगीतसुद्धा मुळात स्वीडिशमध्ये लिहिलेलं आहे, रुनेबेरीने, १८४६ साली.

पालिका द्विभाषिक कधी? अल्पसंख्य भाषेचे किमान ८ टक्के किंवा ३,००० लोक असले की. एकदा द्विभाषिक झाल्यावर टक्का ६ च्या खाली गेल्याशिवाय दर्जा जात नाही, आणि हा हिशेब सरकार दर दहा वर्षांनी करतं. सध्या देशात अशा ३३ पालिका आहेत. निम्म्याहून थोड्या जास्त पालिकांत फिनिश मोठी, बाकीच्यांत स्वीडिश. कोर्सहोल्ममध्ये स्वीडिशचं पारडं स्पष्ट जड आहे. केवळ स्वीडिश असलेल्या पालिका आता ओलांड बेटांवरच उरल्यात.

ताई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर रात्री लिहितो. आता दारातला बर्फ उपसायचाय.

बेळगावी कुंदा

८ टक्के!!

आपल्याकडे कागदावर १५ टक्क्यांचा नियम आहे. एखाद्या भागात तेवढे अल्पभाषक असले की सरकारी नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत मिळायला हव्यात. कागदावर म्हटलंय, लक्षात घ्या. आमच्याकडे पाटीवर मराठी वर की खाली हा प्रश्न नाही, मुळात आहे की नाही हा आहे. हद्द ओलांडली की नुसता क्रम बदलतो आणि कुणाची बस फुटत नाही, हे वाचून गंमतही वाटली आणि पोटात कालवलंही.

तात्या टेंभुर्णीकर

चला, सातासमुद्रापारच्या धाग्याचा सीमाप्रश्न व्हायला अवघे चार प्रतिसाद लागले. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

धोपटमार्ग

मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत अकरा वर्षं. माझं मत सरळ आहे: फिनिश. भावनेत वाहू नका.

कारणं. एक, नोकऱ्यांची गर्दी हेलसिंकी, एस्पो, ताम्पेरे, ओउलूला, आणि तिथे रोजचा कारभार फिनिशमध्ये. दोन, फिनिश ही अवघड भाषा आहे. पंधरा विभक्ती, आणि पंधरावीचं नाव ऐकेपर्यंत पहिली विसरते. ती लहानपणीच तोंडात बसली तर बसली. आमच्यासारखे थोराड झाल्यावर शिकायला गेले की आयुष्यभर दुकानदार आपल्याशी इंग्रजीतच बोलतो. स्वीडिश काय, इंग्रजी-जर्मन येणाऱ्याला दोन वर्षांत येते, पुढे केव्हाही शिकता येईल. तीन, तुम्ही कायम त्याच गावात राहणार आहात का? उद्या बदली झाली, ताम्पेरेला गेलात, मग त्या पोरीने स्वीडिश शाळा कुठे शोधायची?

एस्पोही कागदोपत्री द्विभाषिकच आहे. पण अकरा वर्षांत मला स्वीडिश फक्त पाट्यांवर आणि मेट्रोच्या घोषणेत भेटली.

खोपोलीकर

धोपटमार्ग यांचं खरं असेल, पण माझी एक आठवण.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी खोपोलीला वार्टसिला या फिनिश इंजिन कंपनीच्या कारखान्यात होतो. वासाहून माणसं यायची. दोघं कायम जोडीने असत, आपसात काहीतरी गाण्यासारखं बोलत. आम्हाला वाटे हेच फिनिश. एकदा तिसरा आला आणि ही दोघं वाक्याच्या मधोमध वेगळंच बोलायला लागली, ठोकळे ठेवल्यासारखं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आम्ही दोघं आपसात स्वीडिश बोलतो, हा फिनिशवाला आला म्हणून बदललं. मी म्हटलं, त्याला स्वीडिश येत नाही? येते की, शाळेत सक्तीने शिकलाय. मग? दोघांनी खांदे उडवले. म्हणाले, सवय.

दोघं, तिसरा आला की गप भाषा बदलणारे. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. नंतर लक्षात आलं, आपणही हेच करतो. दहा मराठी आणि एक हिंदीवाला असला की मीटिंग कुठल्या भाषेत होते?

ती दोघं कुठल्या गावची ते आता आठवत नाही. मिसळ मात्र दोघांनी डोळ्यांतून पाणी काढत संपवली होती.

उत्तरायण

खोपोलीकर, अगदी हेच. आणि ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. इथला स्वीडिशवाला दोन्ही बोलतो. फिनिशवाला बहुधा एकच, शाळेतली स्वीडिश तो परीक्षेनंतर सोडून देतो. त्या सक्तीसाठी त्यांच्याकडे 'पक्कोरुओत्सी' असा खास चिडका शब्दच आहे, सक्तीची स्वीडिश.

आता धोपटमार्ग यांना उत्तर. तुम्ही म्हणता फिनिश लहानपणीच बसावी. मान्य. पण शाळांचं गणित बघा. फिनिश शाळेत स्वीडिश साधारण सहावीपासून. स्वीडिश शाळेत फिनिश पहिलीपासून. म्हणजे फिनिश शाळेतल्या मुलाला एक भाषा पक्की आणि दुसरी परीक्षेपुरती, तर स्वीडिश शाळेतल्याला दुसरीही लवकर सुरू. त्यातून गाव स्वीडिश असलं तरी वासा वीस मिनिटांवर आहे. पोहण्याचा क्लास, दुकान, मोठ्या मुलांचे व्हिडिओ गेम, सगळीकडे फिनिश कानावर पडतेच.

माझी दोन्ही मुलं क्वेवलाक्सच्या स्वीडिश शाळेत. थोरल्याला फिनिश झकास येते. धाकटीला तितकी नाही, खोटं कशाला सांगू. तिला जंगलात आणि घोड्यांत रस, आणि घोडे स्वीडिश बोलतात.

सायबीण

घोडे स्वीडिश बोलतात 😂😂

आमच्या गोव्यात कुत्र्यांशी सगळे इंग्लिशमध्ये बोलतात. 'सिट, सिट.' घरात कोंकणी, देवळात मराठी, कुत्र्याला इंग्लिश.

गोथेनबर्गची गौरी

मी स्वीडनमध्ये चौदा वर्षं. कृष्णाकाठची, एक सावधगिरी: तुमच्या लेकीची स्वीडिश ऐकून इकडचे लोक विचारतील, 'तू मूमिन आहेस का?' खरंच. मूमिनच्या गोष्टी तोवे यान्सनने स्वीडिशमध्ये लिहिल्या, ती फिनलंडचीच, आणि जुन्या कार्यक्रमांमुळे स्वीडनमधल्या पोरांच्या डोक्यात ते उच्चार म्हणजे मूमिनचेच. स्वीडनची स्वीडिश हेलकावे घेत चालते, फिनलंडची सपाट आणि स्पष्ट, जसं लिहिलं तसं वाचलं. मला तर तीच आधी कळायची.

शब्दही वेगळे. इकडे सेमला म्हणजे फेब्रुवारीतला मलईवाला गोड बन, त्याच्यासाठी लोक रांगा लावतात. तिकडे सेमला म्हटलं की साधा पाव. माझी एक मैत्रीण ओस्टरबोट्टनची, म्हणजे तुमच्या वासाकडच्याच प्रांतातली, तिने घरी 'सकाळी सेमला खाल्ली' म्हटलं की माझ्या मुलांना वाटायचं, काय लाड आहेत हिचे. कचऱ्याला त्यांचा 'रोस्क', तो सरळ फिनिशमधून उचललेला. आणि घर गरम करायच्या रेडिएटरला ते 'बाटेरी' म्हणतात, फिनिश 'पत्तेरी'वरून. इकडे बाटेरी म्हणजे रिमोटमधला सेल!

सांगलीचा जावई

एक मिनिट. काय म्हणालात? बाटेरी म्हणजे रेडिएटर??

नमस्कार, मीच तो 'नवरा म्हणतो' मधला नवरा. इतके दिवस नुसता वाचत होतो. घराच्या जाहिरातीत स्वीडिशमध्ये होतं की बाटेरी नवीन बसवलेत. माझं कामच वीज साठवण्याच्या बॅटऱ्यांचं. मला वाटलं सौर पॅनलला जोडलेली बॅटरी आहे. मी हिला तीन दिवस सांगतोय, बघ किती पुढारलेला मालक आहे, त्या बॅटरीसाठी दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

कृष्णाकाठची

एक्सेल शीटमध्ये तिचं आयुष्यसुद्धा काढलंय. किती चार्ज, किती डिस्चार्ज.

तात्या टेंभुर्णीकर

हा धागा सार्थकी लागला. फिनिश घ्या नाहीतर स्वीडिश, पण घर घेताना दोन्ही येणारा माणूस सोबत न्या.

धोपटमार्ग

हसू आलं हे कबूल करतो. पण सांगलीच्या जावयांनी मुद्दा सोडू नये. माझ्या बाजूचे तुम्ही एकटेच आहात.

सांगलीचा जावई

सोडलेला नाही. उत्तरायण साहेब, शाळेचं गणित पटलं. पण माझी भीती वेगळी आहे. मी निपाणीचा. घरी मराठी, शाळा मराठी, आणि नोकरीसाठी बेंगळुरूला गेलो तेव्हा कन्नड येत असूनही पहिली दोन वर्षं 'तुम्ही तिकडचे' म्हणून बाजूला पडलो. आपण ज्या देशात आधीच बाहेरचे, तिथल्या अल्पसंख्याकांत जाऊन पोरीला अल्पसंख्याकांतलीही अल्पसंख्य करायचं, हे मला झेपत नाही. हिला हे घरी कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

बेळगावी कुंदा

निपाणीकर, तुमच्या-माझ्यात फार अंतर नाही. तुम्ही म्हणता ते मी रोज जगतो. तरी मला वाटतं दोन्हींत फरक आहे. तिथे स्वीडिश ही सरकारमान्य राष्ट्रभाषा आहे ना? तिच्यात बोललं तर सरकार ऐकून घेतं. आपल्याला बाजूला पडायला लावतं ते कमी संख्येनं नाही, समोरचा खिडकीतून 'इथे ही भाषा चालणार नाही' म्हणतो त्यानं.

उत्तरायण

कुंदा, बरोबर. घटनेत दोन्ही राष्ट्रभाषा. सरकारी दवाखान्यात, कोर्टात स्वीडिशमध्ये बोलायचा हक्क. प्रत्यक्षात खिडकीतला माणूस अडखळतो, कधी दुभाष्याची वाट बघावी लागते, तक्रारी भरपूर. पण इथला आरोग्यविभाग, ओस्टरबोट्टनचा, देशातला एकच असा आहे जिथे स्वीडिशवाले जास्त. माझ्या धाकटीचा हात मोडला तेव्हा डॉक्टर फिनिश, नर्स स्वीडिश, भूलतज्ज्ञ बांगलादेशी. प्लास्टर तिन्ही भाषांत सारखंच बसलं.

सांगलीकर, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. २०१९ साली वासा आणि कोर्सहोल्म एक करायचा घाट घातला होता. कागदावर फार तर्कशुद्ध. एक शहर, त्याला वेढून एक ग्रामीण पालिका, लोक इकडून तिकडे कामाला जातात, खर्च वाचेल. कोर्सहोल्ममध्ये लोकांचं मत घेतलं, बहुमताने नाही म्हणाले. कर, शाळा, दूरची गावं अशी बरीच कारणं होती, पण आमच्या गल्लीत एकच चर्चा: आज पालिकेत आपली भाषा वर आहे, एक झालो की खाली जाईल. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'आमचं चर्चसुद्धा वासाच्या हद्दीत आहे, आता पालिकेचं ऑफिस तरी इकडे राहू दे.' आणि हे खरं आहे. १८५२ ला जुनं वासा जळालं, नवं शहर समुद्राकडे सातेक किलोमीटरवर हललं, मागे राहिलेली कोर्टाची सुंदर इमारत पुढे कोर्सहोल्मचं चर्च झाली. ती आज वासाच्या हद्दीत उभी आहे.

मुद्दा असा की ही माणसं कमी संख्येची आहेत, पण बाजूला पडलेली नाहीत. आपली पालिका, आपली शाळा, आपला पक्ष, आपलं वर्तमानपत्र सांभाळून बसलेली आहेत. अशा लोकांत बाहेरचा माणूस लवकर मुरतो. भाषा शिकायला आलेला माणूस त्यांना दुर्मीळ, म्हणून मोलाचा. मी पहिल्यांदा तुटकंफुटकं स्वीडिश बोललो तेव्हा पोस्टातल्या बाई काउंटर सोडून बाहेर आल्या.

सायबीण

शहर समुद्राकडे का हललं? आपल्याकडे समुद्र गावात घुसतो, म्हणून लोक मागे सरकतात.

उत्तरायण

इथे उलटं. हिमयुगात या भागावर दोन-तीन किलोमीटर जाड बर्फ होता. त्याच्या वजनाने दबलेली जमीन अजून वर येतेय, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण किनारा इतका सपाट की या पट्ट्यात दरवर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. बंदरं उथळ होतात, होडीच्या शेडी कुरणात अडकतात, माणसं पुढे सरकतात. रेप्लोटला पूल ओलांडून जा (१,०४५ मीटर, १९९७ साली झाला), पुढे ब्यॉर्कोबीला स्वेडयेहाम्नचा मनोरा आहे, तिथून दगडांच्या रांगा पाण्यातून बाहेर येताना दिसतात, जणू कुणीतरी नांगरलंय. युनेस्कोने २००६ ला हा द्वीपसमूह जागतिक वारशात घेतला.

सोल्व गावाजवळ तर सहा किलोमीटर रुंदीचं उल्कापाताचं विवर आहे, त्यात आता गहू-बटाटे लावतात आणि शरदात हजारो क्रौंच उतरतात. पण हे फार अवांतर झालं.

तात्या टेंभुर्णीकर

अवांतर कसलं? दरवर्षी जमीन वाढते म्हणताय. सातबारा कुणाच्या नावे?

उत्तरायण

🙂 बऱ्याच ठिकाणी गावच्या सामायिक खात्यावर. आणि हो, भांडणं होतात.

दुपारची झोप

मी वासातली. माझं लग्न फिनिश माणसाशी झालंय. एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते.

माझे सासूसासरे पक्के फिनिशवाले. माझ्या नवऱ्याला त्यांनी मुद्दाम स्वीडिश 'भाषास्नाना'त घातलं होतं. म्हणजे फिनिश मुलांना लहानपणीच स्वीडिश वातावरणात बुडवून ठेवायचं, शिक्षिका त्यांच्याशी स्वीडिशच बोलणार. ही कल्पना कॅनडातून आली आणि फिनलंडमध्ये पहिल्यांदा वासातच सुरू झाली, १९८७ साली. फिनिशला 'क्येलिक्युल्प्यू' म्हणतात, शब्दशः भाषेची अंघोळ. आज इथले फिनिश पालक त्यासाठी खटपट करतात. मग आपण मराठी माणसांनी आयती मिळणारी अंघोळ नाकारायची?

माझा नवरा आज ऑफिसात दोन्ही बाजूंनी वापरला जातो. स्वीडनच्या ग्राहकाचा फोन आला की सगळे त्याच्याकडे बघतात. पगार त्यामुळे वाढला का, तर नाही. पण फोन मात्र वाढले.

सायबीण

१९८७ म्हणजे आमच्या गोव्याच्या राजभाषा कायद्याचं साल. आम्ही त्या वर्षी भाषेवरून रस्त्यावर होतो आणि हे लोक पोरांना भाषेची अंघोळ घालत होते.

बेळगावी कुंदा

सायबीण, आता तुम्ही सुरू नका करू. संपादकांनी मला परवाच समज दिलीय.

आज्जीचा बटवा

माझा मुलगा आता एकवीसचा, शाळा सगळी स्वीडिशमध्ये, वासातच. काही व्यवहाराच्या गोष्टी:

मुलं शाळेत पुस्तकी स्वीडिश शिकतात पण खेळताना गावची बोली बोलतात, आणि ती शिक्षिकेच्या भाषेहून इतकी वेगळी की पहिले सहा महिने मी रडत होते. कोल्हापूरच्या गल्लीत पुण्याचं पाठ्यपुस्तक घेऊन गेल्यासारखं. घाबरू नका, मुलाला कळतं.

मुलांचे कार्यक्रम: बू-क्लुब्बेन लावा. ऐंशीच्या दशकापासून चालू आहे, इथल्या पोरांच्या आयासुद्धा त्यावरच वाढल्यात. माझी स्वीडिश मी त्यावर शिकले, इस्त्री करता करता. पुढे नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा मी स्वीडिशमध्येच दिली. फिनिश किंवा स्वीडिश, कुठलीही एक चालते, हे नवीन लोकांना बहुतेक माहीत नसतं.

मुलगा नागरिक झाला, मग लष्करी सेवा आली. स्वीडिश बोलणाऱ्यांची पलटण ड्राग्सविकला, तिथे गेला. परत आला तेव्हा त्याची फिनिश सुधारली होती! विचारलं तर म्हणाला, आई, शिव्या सगळे फिनिशमध्येच देतात.

आता तोटा. इथून हेलसिंकीला शिकायला गेला तर पहिल्या वर्षी अडखळला. बोलण्यात नाही, लिहिण्यात. सरकारी फिनिश अर्ज त्याला अजून डोक्यावरून जातात. धोपटमार्ग म्हणतात ते अगदीच चूक नाही. पण आज त्याच्याकडे चार भाषा आहेत आणि मराठीत तो माझ्याशी भांडतो. मला एवढं पुरे.

धोपटमार्ग

आज्जी, तुमच्या प्रतिसादापुढे मी अर्धं शस्त्र खाली ठेवतो. अर्धंच. लिहिण्याचा मुद्दा मोठा आहे, तो लक्षात ठेवा. आणि जर तुम्ही पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेकडे येणार असाल तर माझं मत तेच.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. अपडेट द्यायला उशीर झाला, घराच्या कागदपत्रांत अडकलो होतो.

गेल्या शनिवारी घर परत बघायला गेलो. (रेडिएटर छान आहेत.) दलाल आत माप दाखवत होता, तोवर लेक अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यात उतरली. तिथे तीन पोरं होती. मी खिडकीतून बघत होते. एक मुलगी फावड्याने काहीतरी दाखवत 'तित्ता! तित्ता!' ओरडत होती. दुसरा मुलगा तेच दाखवत 'कातो!' म्हणत होता. एक स्वीडिश, एक फिनिश, अर्थ एकच: बघ. आणि दोघांना एकमेकांचं कळत होतं. आमचं कार्टं मधे उभं राहून 'बघते ना, ओरडता कशाला' असं मराठीत सांगत होतं.

घरी येताना नवरा गप्प होता. रात्री म्हणाला, स्वीडिश घालूया, पण दोन अटी. आठवड्यातून दोनदा पोहणं वासातल्या फिनिश क्लासला, आणि पहिलीत जाताना परत विचार करायचा, तेव्हा मी हट्ट धरायचा नाही. मी दुसरी अट मान्य केली, मनातून नाही.

काल अर्ज ऑनलाइन भरला. सगळ्यात वर मातृभाषेचा रकाना होता, एकच भाषा लिहायची. मी 'मराठी' लिहिलं. त्याखाली पाळणाघराची भाषा, तिथे स्वीडिश. उत्तरायण, जागा क्वेवलाक्सला मिळाली तर तुमच्या घोड्यांना भेटायला येऊ.

सांगलीचा जावई

दुसऱ्या अटीबद्दल हिने आत्ता इथे जे लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट घेतलाय.

उत्तरायण

या, नक्की या. स्मेड्सबीतच मिळेल बहुधा, जवळ पडेल. आणि एक: स्मेड्सबी म्हणजे लोहाराचं गाव. फिनिशमध्ये सेपँक्यूला, तेही लोहाराचं गावच. दोन्ही पाट्यांवर एकच लिहिलंय.

खोपोलीकर

म्हणजे घर लोहारवाडीत घेतलंत म्हणा की. अभिनंदन. वास्तुशांतीला मिसळ ठेवा.

तात्या टेंभुर्णीकर

अभिनंदन. लोहारवाडीतलं रो-हाउस केवढ्याला पडलं, ते तीन पानं झाली तरी कळलेलं नाही.